बाह्य लायब्ररी, कंपायलरचे फ्लॅग आणि प्रोजेक्टचे दप्तर : एका प्रश्नाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

सांगलीचे १९४७ साली स्थापन झालेले आणि पुढे वालचंद हिराचंद यांचे नाव लाभलेले अभियांत्रिकी महाविद्यालय, कऱ्हाडचे १९६० सालचे शासकीय महाविद्यालय, वाळवा तालुक्यातील राजारामनगरची राजारामबापू इन्स्टिट्यूट, साताऱ्यातील रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील महाविद्यालय आणि त्यांच्या जोडीला ठिकठिकाणची तंत्रनिकेतने, एवढा विस्तार ध्यानात घेतला म्हणजे या दोन जिल्ह्यांत दर वर्षी किती मुले-मुली संगणकाच्या प्रयोगशाळेत प्रथमच प्रोग्राम लिहावयास बसत असतील याची कल्पना येते. स्वतः लिहिलेल्या ओळींपलीकडे जाऊन दुसऱ्याने रचलेल्या लायब्ररीचा आधार घेण्याची पाळी त्यांपैकी अनेकांवर प्रथम येते ती संगणक-आरेखनाच्या विषयात. ब्रेसनहॅमच्या पद्धतीने रेषा ओढावयाची, वर्तुळ काढावयाचे, बहुभुज रंगवावयाचा, हे सारे गणित वहीत नीट उतरलेले असते. आणि प्रोग्रामात एकही चूक नसताना लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा शेरा मारून काम थांबवतो.

हा शेरा विद्यार्थ्याच्या बुद्धीवर नसून एका अपुऱ्या नोंदीवर आहे, ही गोष्ट त्याला तेथेच कोणी सांगितली तर पुष्कळ मनस्ताप वाचेल. कंपायलरचे काम दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात हेडर फाइल वाचून लायब्ररीतील फंक्शनची केवळ ओळख पटवली जाते. हेडर कोणत्या फोल्डरात आहे, भाषेची कोणती आवृत्ती गृहीत धरावयाची, कोणती नावे आधीच व्याख्यात समजावयाची, हे सांगणारे फ्लॅग या टप्प्याचे. दुसऱ्या टप्प्यात लिंकर त्या फंक्शनचा प्रत्यक्ष देह शोधू लागतो, आणि तो कोणत्या संचिकेत, कोणत्या फोल्डरात, कोणत्या क्रमाने शोधावा हे सांगणारे फ्लॅग या दुसऱ्या टप्प्याचे. हेडर सापडला म्हणजे लायब्ररी सापडली असे नव्हे. या एका भेदाचे अज्ञान हेच बहुतेक तक्रारींचे मूळ असते.

आयडीई, म्हणजे संपादक, कंपायलर आणि दोषशोधक एकाच खिडकीत आणून देणारे साधन, हे फ्लॅग भरण्यासाठी चौकटी पुरवते. तथापि त्या चौकटीत भरलेला मजकूर कोठे जतन व्हावा, कोणी भरावा, आणि प्रोजेक्ट एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला असता त्याचे काय व्हावे, याबाबत जाणकारांत आजही एकमत नाही. त्या मतभेदाचा आढावा घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

टर्बो सीचा काळ

महाराष्ट्रातील संगणक-शिक्षणाच्या दोन-तीन पिढ्या बोरलँड कंपनीच्या टर्बो सीवर वाढल्या. टर्बो सी १९८७ साली आणि टर्बो सी++ १९९० साली बाजारात आले. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने त्या निळ्या पडद्याची सवय साऱ्या देशाला लावली. या साधनात कंपायलर, लिंकर, हेडर आणि आरेखनाची लायब्ररी ही सारी एकाच घरची होती. म्हणून फ्लॅगचा प्रश्न तेथे नव्हताच असे पुष्कळांना वाटते. परंतु ते खरे नाही. ऑप्शन्स मेनूत लिंकरच्या खाली लायब्ररींची एक छोटी यादी असे आणि तिच्यातील ‘ग्राफिक्स लायब्ररी’ या नावापुढे खूण केली नसेल तर ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल _इनिटग्राफ’ असा दोष येई. ती खूण म्हणजेच फ्लॅग होता. हेडर आणि लायब्ररीच्या फोल्डरांचे पत्तेही याच मेनूत लिहावे लागत, आणि याखेरीज प्रोग्रामाच्या आत, इनिटग्राफला हाक मारताना, बीजीआय ड्रायव्हरच्या फोल्डराचा तिसरा पत्ता द्यावा लागे.

प्रयोगशाळेतील सर्व यंत्रांवर टर्बो सी एकाच जागी, बहुधा सी ड्राइव्हच्या टीसी नावाच्या फोल्डरात, बसवलेले असल्यामुळे हे तीनही पत्ते सर्वत्र सारखेच राहत. खूण एकदा प्रयोगशाळा-साहाय्यकाने केली की मुलांना तिचे अस्तित्वही जाणवत नसे. या सोयीने शिकवणे सुकर झाले, आणि याच सोयीमुळे लिंकर नावाचे काही वेगळे यंत्र असते ही जाणीव मात्र पुसट राहिली. चौसष्ट बिटांच्या विंडोजने सोळा बिटांचे प्रोग्राम चालवणे बंद केले तेव्हा डॉसबॉक्सच्या आडोशाने हाच पाठ पुढे चालू ठेवण्यात आला; तो काही ठिकाणी आजही चालू आहे.

कोडब्लॉक्स आणि सहा नावांची यादी

टर्बो सी सोडू पाहणाऱ्यांनी बहुधा डेव्ह-सी++ किंवा कोडब्लॉक्स यांचा आश्रय घेतला. दोन्ही विनामूल्य, आणि दोन्हींच्या मागे प्रत्यक्ष काम करणारा कंपायलर जीसीसीचा विंडोजवरील अवतार. पण अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिके तर ‘ग्राफिक्स डॉट एच’वर बेतलेली, म्हणून कोलोरॅडो विद्यापीठातील मायकेल मेन यांनी विंडोजसाठी सिद्ध केलेली विनबीजीआयएम ही अनुकृती सर्वत्र पसरली. येथे फ्लॅगचा प्रश्न पहिल्यांदा उघड्यावर आला, आणि तो ज्या रूपाने आला ते थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

कोडब्लॉक्सच्या लिंकर-सेटिंग्जमध्ये उजवीकडच्या चौकटीत सहा नावे लिहावी लागतात: बीजीआय, जीडीआय३२, सीओएमडीएलजी३२, यूयूआयडी, ओएलईएयूटी३२ आणि ओएलई३२, प्रत्येकाच्या आधी आडवी रेघ आणि एल. मुले ही यादी मंत्रासारखी पाठ करतात किंवा एकमेकांच्या वहीतून उतरवून घेतात. वस्तुतः तिच्यात गूढ असे काही नाही. पहिले नाव स्वतः लायब्ररीचे. दुसरे विंडोजच्या रेखाटन-यंत्रणेचे. तिसरे छपाई वगैरेंच्या ठराविक संवाद-खिडक्यांचे. उरलेली तीन चित्र-फाइल वाचण्यासाठी लागणाऱ्या ओएलई यंत्रणेची. विनबीजीआयएम ही स्थिर लायब्ररी आहे, आणि स्थिर लायब्ररी म्हणजे संकलित तुकड्यांचे नुसते गाठोडे असल्याने ‘मला आणखी कोणाकोणाची गरज आहे’ याची नोंद तिच्यात नसते. जी माहिती लायब्ररीने बाळगावयास हवी होती ती वापरणाऱ्याच्या माथी आली. सबंध वादाचे बीज येथे आहे, असे मला वाटते.

याच लायब्ररीच्या हेडरमध्ये ३०२ व्या ओळीत एका फंक्शनच्या यादीत ‘राइट’ हे नाव दोनदा पडले आहे. पहिल्या जागी ते ‘टॉप’ असावयास हवे. नवा कंपायलर त्यावर हरकत घेतो, आणि वर्षानुवर्षे प्रत्येक तुकडीने ही ओळ आपापल्या यंत्रावर हाताने दुरुस्त केली आहे. याहून अवघड अडचण आली ती कोडब्लॉक्सच्या आवृत्ती बदलल्यावर. १७.१२ या आवृत्तीसोबत बत्तीस बिटांचा कंपायलर येत असे, २०.०३ च्या नेहमीच्या बांधणीसोबत चौसष्ट बिटांचा येऊ लागला. विनबीजीआयएमची प्रचलित फाइल मात्र बत्तीस बिटांचीच. परिणामी सहाही नावे बिनचूक लिहिली, फाइल योग्य फोल्डरात ठेवली, तरी लिंकर ‘विसंगत फाइल वगळली’ अशा अर्थाचा शेरा मारून शेवटी बीजीआय सापडतच नाही असे सांगतो. वरच्या ओळीतला हा पहिला शेरा न वाचता खालचाच वाचला तर विद्यार्थी फाइल पुनःपुन्हा त्याच जागी ठेवीत बसतो.

आणखी एक बारकावा आहे. कोडब्लॉक्समध्ये ही यादी दोन जागी भरता येते. एक जागा सर्वसाधारण सेटिंग्जची, दुसरी त्या प्रोजेक्टच्या बिल्ड ऑप्शन्सची. पहिल्या जागी भरलेले त्या वापरकर्त्याच्या खात्यात, दुसऱ्या जागी भरलेले प्रोजेक्टच्या सीबीपी फाइलमध्ये उतरते. प्रयोगशाळेत पहिली जागा वापरली तर एकदा भरून सर्व प्रयोगांना पुरते, म्हणून तीच शिकवली जाते; परंतु मुलगा पेन ड्राइव्हवर प्रोजेक्ट घेऊन घरी गेला की नोंद मागे राहते आणि काल चाललेला प्रोग्राम आज चालत नाही. टिपण स्वतःच्या खिशातील वहीत करावयाचे की चावडीच्या दप्तरातील सातबाऱ्यावर फेरफार नोंदवावयाचा, असा हा भेद आहे, आणि कोणत्या नोंदीवर परक्या माणसाने विसंबावे हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

तीन मते

पहिले मत आयडीईच्या चौकटीचे. त्याचे समर्थक म्हणतात की दोन तासांच्या प्रात्यक्षिकात वीस मुलांना एकच अध्यापक सांभाळतो. चौकट डोळ्यांना दिसते, तिच्यात काय भरले ते फळ्यावर काढून दाखवता येते, नवी भाषा शिकावी लागत नाही, इंटरनेट लागत नाही. अनुभवी अध्यापकांचा हा युक्तिवाद वजनदार आहे. पण चौकटीतील नोंद त्या आयडीईपुरतीच राहते. एक्लिप्स-घराण्यातील साधनांत तर डीबग आणि रिलीज या दोन रूपांची सेटिंग्ज वेगळी असल्याने एकात भरलेली लायब्ररी दुसऱ्यात नसते, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी रूप बदलले की तोच दोष पुन्हा उगवतो.

दुसरे मत म्हणते की फ्लॅग प्रोजेक्टच्या बांधणी-फाइलीत लिहावेत आणि आयडीईने ती फाइल नुसती वाचावी. या विचाराचा उगम जुना आहे: बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ रचले, आणि २००० सालाच्या सुमारास किटवेअर कंपनीच्या ‘सीमेक’ने तीच कल्पना अनेक कंपायलर आणि अनेक आयडीई यांच्यासाठी विस्तारली. सीमेकच्या आजच्या शिस्तीत फ्लॅग साऱ्या प्रोजेक्टवर सरसकट न लादता एकेका घटकाशी जोडले जातात आणि ते खाजगी, सार्वजनिक की केवळ वापरणाऱ्यासाठी हेही लिहावे लागते. लायब्ररी बांधताना इशारे कडक करणारा फ्लॅग खाजगी ठेवावा, हेडरचा पत्ता मात्र सार्वजनिक करावा, ही विवेकबुद्धी त्या तीन शब्दांत सामावलेली आहे. याविरुद्धचा आक्षेप असा की पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यावर सी शिकता शिकता आणखी एका लिपीचा भार पडतो, आणि सीमेकची लिपी सुबोध आहे असा दावा तिचे अभिमानीही करणार नाहीत.

तिसरे मत याहून पुढे जाते: फ्लॅग वापरणाऱ्याने लिहूच नयेत, लायब्ररीनेच ते जाहीर करावेत. लिनक्सवरील पीकेजी-कॉन्फिग हे साधन हेच करते. प्रत्येक लायब्ररीसोबत एक छोटी मजकूर-फाइल येते, तिच्यात हेडरचे पत्ते, लिंकरची नावे आणि अवलंबून असलेल्या इतर लायब्ररी यांचा तपशील असतो, आणि जीटीकेसारख्या मोठ्या लायब्ररीचे डझनावारी फ्लॅग एका आज्ञेत मिळतात. सीमेकचे आयात-घटक आणि २०१६ च्या सुमारास पुढे आलेले व्हीसीपीकेजी व कॉनन हे लायब्ररी-भांडार-व्यवस्थापक यांचा रोख तोच आहे. विनबीजीआयएमसोबत अशी फाइल असती तर ती सहा नावे कोणालाही पाठ करावी लागली नसती. तथापि ही भांडारे इंटरनेटवर अवलंबून आहेत, लायब्ररी पुष्कळदा मुळापासून संकलित करतात, डिस्कची जागा व वेळ दोन्ही खातात. आणि विद्यार्थ्याला यंत्रावर काही बसवण्याची मुभा नसलेल्या प्रयोगशाळेत त्यांचा उपयोग मर्यादित राहतो.

या तिघांच्या बाजूला एक अध्यापनविषयक भूमिका आहे, तिची नोंद घेतली पाहिजे. आधी टर्मिनलवर हाताने फ्लॅग लिहावेत, आयडीई नंतर. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सीचे पाठ जीसीसीच्या आज्ञेपासूनच सुरू होतात. या मार्गाने गणिताच्या लायब्ररीसारखी साधी उदाहरणेही बोलकी होतात. लिनक्सवर ‘पॉव’ला स्थिर अंक दिले तर कंपायलर उत्तर स्वतःच काढून मोकळा होतो आणि ‘-एलएम’ न देताही प्रोग्राम चालतो; त्याच जागी चल घातले की लिंकर अडतो. तो फ्लॅग मूळ फाइलच्या नावाआधी लिहिला तर उबुंटूवर पुन्हा अडतो, कारण ११.१० या आवृत्तीपासून तेथे लिंकर तोवर गरज न पडलेली सामायिक लायब्ररी वगळून पुढे जातो. लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, हे हाताने केल्याशिवाय मनावर ठसत नाही.

दोष दाखवणारे आणि दोष लपवणारे फ्लॅग

आतापर्यंतचे विवेचन लिंकरभोवती फिरले. पण कंपायलरच्या टप्प्यातील फ्लॅग अधिक सावधगिरीने हाताळावे लागतात, कारण त्यांतील चूक पुष्कळदा ताबडतोब उघड होत नाही. एकत्र येणारे तुकडे एकाच कराराने संकलित झालेले असावे लागतात. जीसीसीच्या २०१५ सालच्या पाचव्या आवृत्तीने सी++च्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली. त्यामुळे जुन्या कराराने बांधलेली लायब्ररी नव्या प्रोजेक्टला जोडताना नावे जुळेनाशी झाली. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरमध्ये डीबग लायब्ररी रिलीज प्रोजेक्टला जोडू पाहिली तर लिंकर विसंगतीचा स्पष्ट दोष देतो. हे नशीबच, कारण सगळ्याच विसंगती इतक्या प्रामाणिकपणे बोलत नाहीत.

किर्लोस्करवाडीत १९१० पासून यंत्रनिर्मिती रुजलेल्या या भागात इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्याला मायक्रोकंट्रोलरचे जे काम करावे लागते त्यात हा प्रश्न नेमका भेटतो. कॉर्टेक्स-एम४ चिपवर अपूर्णांकांची गणिते हार्डवेअरने करावयाची की सॉफ्टवेअरने, हे एका फ्लॅगने ठरते. लायब्ररी एका पद्धतीची आणि प्रोजेक्ट दुसऱ्या पद्धतीचा असेल तर लिंकर नकार देतो. एआरएमच्या संकेत-प्रक्रिया लायब्ररीच्या तयार फाइलींच्या नावातच ही माहिती गुंफलेली आहे: एम४ नंतरचा ‘एल’ बाइटांचा क्रम सांगतो, ‘एफ’ अपूर्णांक-एकक असल्याचे सांगतो. एसटीएम३२क्यूबआयडीईच्या चौकटीत मात्र हे नाव आरंभीचे ‘लिब’ आणि शेवटचे ‘डॉट ए’ गाळून लिहावे लागते, आणि नवखा मनुष्य ते अखंड लिहून तासन् तास अडकतो.

परक्या हेडरमधून येणारे इशारे हाही वादाचा मुद्दा आहे. प्रोजेक्टचा नियम ‘इशारा म्हणजे दोष’ असा असेल तर दुसऱ्याच्या हेडरमधील निरुपद्रवी इशाराही बांधणी थांबवतो. म्हणून बाह्य हेडरांचे पत्ते ‘सिस्टिम’ म्हणून द्यावेत, म्हणजे कंपायलर त्यांचे इशारे गिळतो, ही पद्धत रूढ झाली. तिच्यामुळे स्वतःचे इशारे नजरेत राहतात हे खरे. पण लायब्ररीतील खरा दोषही त्याच पडद्याआड जातो. लायब्ररीची आवृत्ती बदलेल त्या दिवशी तो पडदा एकदा बाजूला सारून पाहावा, हा मध्यम मार्ग मला पटतो.

अनिर्णित बाबी

अधिकार कोणाचा, हा पहिला अनिर्णित मुद्दा. लायब्ररीने स्वतःच्या वेगासाठी निवडलेला फ्लॅग वापरणाऱ्याच्या गणितात ढवळाढवळ करू शकतो: जीसीसीच्या तेराव्या आवृत्तीपूर्वी ‘फास्ट-मॅथ’ने जोडलेली एखादी सामायिक लायब्ररी नुसती लोड झाली तरी प्रोसेसरची अतिसूक्ष्म अपूर्णांक हाताळण्याची रीत बदलत असे. तो एक दोष पुढे दूर झाला. पण लायब्ररीने काय जाहीर करावे आणि काय जाहीर करण्यास तिला मनाई असावी, याची सर्वमान्य सीमारेषा आखली गेलेली नाही. सर्व साधनांना वाचता येईल असे एकच लायब्ररी-वर्णन असावे म्हणून ‘कॉमन पॅकेज स्पेसिफिकेशन’चा मसुदा पुढे आला आहे, तो सर्वत्र रुजावयास अवकाश आहे.

दुसरा मुद्दा दुहेरी नोंदीचा. व्हीएस कोडसारख्या संपादकात शब्द सुचवणारी यंत्रणा एक यादी वाचते आणि प्रत्यक्ष संकलन दुसरी. त्यामुळे बिनचूक ओळीखाली लाल रेघ दिसते, किंवा रेघ नसलेली ओळ संकलनात पडते. बांधणी-साधनाने प्रत्येक फाइलची पूर्ण आज्ञा एका जेसन फाइलीत उतरवावी आणि संपादकाने तीच वाचावी, हा तोडगा चांगला आहे, परंतु सर्व साधने ती फाइल आपोआप देत नाहीत. सी++च्या २०२० च्या प्रमाणातील मॉड्यूलांनी तर हा गुंता वाढवला आहे. मॉड्यूलचे मध्यंतर-रूप ज्या फ्लॅगांनी सिद्ध झाले त्यांच्याशी वापरणाऱ्याचे फ्लॅग जुळावे लागतात, म्हणजे संपादक आणि कंपायलर यांना ते कधीकधी वेगवेगळे सिद्ध करावे लागते.

तिसरा मुद्दा आपल्या लिपीचा आहे आणि त्याची चर्चा फारच थोडी होते. विंडोजच्या जुन्या संकेत-पृष्ठांत देवनागरीला जागाच नाही. त्यामुळे त्या पृष्ठांवर विसंबणाऱ्या जुन्या कंपायलरांना मराठी नावाच्या फोल्डरातील लायब्ररीचा पत्ता समजत नाही. मोकळी जागा असलेले फोल्डरही अवतरणचिन्हांवाचून मोडतात. आपल्या भाषेत फोल्डराला नाव दिल्याबद्दल विद्यार्थ्याला दंड व्हावा हे अनुचित आहे. पण जुनी साधने प्रयोगशाळेतून जाईपर्यंत पत्ता रोमन लिपीत व मोकळ्या जागेविना ठेवण्याखेरीज इलाज नाही.

चौथा मुद्दा अभ्यासक्रमाचा. ‘ग्राफिक्स डॉट एच’ सोडून ओपनजीएलकडे वळावे अशी सूचना वारंवार होते. त्यामुळे फ्लॅग संपत नाहीत. विंडोजवर फ्रीग्लट, ओपनजीएल३२ आणि जीएलयू३२ ही तीन नावे लिहावी लागतातच. फरक एवढाच की या लायब्ररी जिवंत आहेत, चौसष्ट बिटांत मिळतात, आणि सीमेकला त्या शोधता येतात. माझ्या मते बदलाच्या बाजूचे हे पुरेसे कारण आहे. टर्बो सीची प्रात्यक्षिके रात्रीत टाकून द्यावीत असे मात्र मी म्हणणार नाही, कारण त्यांवर बेतलेल्या वह्या, परीक्षा आणि अध्यापकांचे परिश्रम यांचे मोल आहे.

तोवर प्रात्यक्षिक-वही छापणाऱ्या अध्यापकबंधू-भगिनींना एक कळकळीची विनंती करावीशी वाटते. बाह्य लायब्ररी लागणाऱ्या प्रत्येक प्रयोगाच्या आरंभी कंपायलरची आवृत्ती, बत्तीस की चौसष्ट बिट, लायब्ररीची आवृत्ती, आणि लिंकरच्या चौकटीतील संपूर्ण यादी तिच्या क्रमासह व प्रत्येक नावाच्या प्रयोजनासह छापावी. आणि ती यादी सर्वसाधारण सेटिंग्जमध्ये न भरता प्रोजेक्टमध्ये भरावयास सांगावी.